कशाला?

दोनशे किलोमीटरच्या सायकल प्रवासात सर्वांत अवघड जागा कोणती, असं कुणी विचारलं तर मी कात्रज म्हणणार नाही, खंबाटकी म्हणणार नाही आणि पसरणीचा घाटही म्हणणार नाही. सर्वांत अवघड जागा म्हणजे आमच्या सोसायटीचं गेट. तिथे वॉचमन बसलेला असतो. चोर येतात तेव्हा तो झोपलेला असतो, पण मी पहाटे पाचला सायकल घेऊन निघालो तेव्हा टक्क जागा होता.

"निघालात?"

"हो."

"कुठं?"

"पाचगणीला."

"सायकलवर?"

"हो."

"मग राहणार असाल दोन दिवस."

"नाही. संध्याकाळी परत."

त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. "मग जायचं कशाला?"

त्या दिवशी हा प्रश्न मला अकरा जणांनी विचारला आणि मी प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं. वॉचमनला म्हणालो, "तब्येतीसाठी." त्यानं मला हेल्मेटपासून बुटांपर्यंत न्याहाळलं. सायकलवाल्यांचे कपडे अंगाला असे चिकटून बसतात की माणूस काय काय खातो ते कुणालाही बाहेरून वाचता येतं. त्यानं ते वाचलं आणि काही न बोलता गेट उघडलं.

तुम्हाला मात्र खरं कारण सांगतो. खरं कारण माझे साडू.

साडू हे नातं मोठं विचित्र आहे. दोन माणसांमध्ये रक्ताचा थेंब सामायिक नसतो. सामायिक असते ती फक्त सासुरवाड, आणि तिथे दर दिवाळीला दोघांना शेजारी शेजारी पाटावर बसवून मनातल्या मनात ताडून बघितलं जातं. माझ्या साडूंनी आधी फ्लॅट घेतला. मग छप्पर उघडणारी गाडी घेतली. मीही हप्ते भरून त्यांच्या मागे मागे गेलो. मग एका रविवारी संध्याकाळी 'आपली माणसं' या कौटुंबिक ग्रुपवर त्यांचा फोटो आला. डोक्यावर हेल्मेट, हातात एक कार्ड, आणि खाली मजकूर: २०० किलोमीटर, १३ तास २६ मिनिटं. सासूबाईंनी सात वेळा टाळ्या वाजवल्या. बायको एवढंच म्हणाली, "बघ, तुझ्याहून दोन वर्षांनी मोठे आहेत ते."

मी काहीच बोललो नाही. सायकल विकत घेतली. घरी किंमत अठरा हजार सांगितली आहे. खरी किंमत मी या लेखातही लिहिणार नाही, कारण हा लेख घरात वाचला जाईल.

साडूंनी केला त्या प्रकाराला बीआरएम म्हणतात. हे मूळ फ्रेंच प्रकरण आहे. पॅरिसमध्ये ऑडॅक्स क्लब पॅरिसियाँ नावाचा एक क्लब आहे, त्याच्या नियमांनुसार जगभर लोक लांब लांब सायकली हाकतात. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. चारही एका वर्षात केले की माणूस 'एसआर' होतो आणि ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत त्याच्याशेजारी बसायला कुणी तयार होत नाही, कारण तो दुसरं काही बोलतच नाही. या सगळ्याचा कळस म्हणजे पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत पॅरिस, १,२०० किलोमीटर, नव्वद तासांत. ही वारी १८९१ साली शर्यत म्हणून सुरू झाली आणि आता चार वर्षांतून एकदा भरते. नाव फ्रेंच असल्यामुळे एकूण त्रासाला एक दर्जा येतो. हेच आपण 'पुणे-पाचगणी रपेट मंडळ' असं म्हटलं असतं तर कुणी फी भरली नसती.

नियमांत मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी की ही शर्यत नाही. पहिला नंबर नसतो, दुसरा नसतो. वेळेत आलेले सगळे सारखेच. ज्यात शेवटचा येताच येत नाही असा खेळ मी शाळेपासून शोधत होतो. वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा, आणि प्रत्येक ठिकाण ठरावीक वेळेला उघडतं, ठरावीक वेळेला बंद होतं. ताशी पंधरा किलोमीटरच्या हिशेबानं शंभराव्या किलोमीटरचा दरवाजा सहा तास चाळीस मिनिटांनी बंद. उघडतो तो ताशी चौतीसच्या हिशेबानं. आदल्या आठवड्याच्या बैठकीत मी हात वर करून विचारलं, "समजा, मी दरवाजा उघडायच्या आधीच पोहोचलो तर?" संयोजक सभ्य गृहस्थ होते. ते हसले नाहीत. पण त्यांनी वहीत माझ्या नावापुढे काहीतरी खूण केली.

सराव मी मनापासून केला. दर रविवारी खडकवासल्याला जाऊन येत होतो. जाताना जेवढं जाळायचो त्याच्या दुप्पट तिथे धरणाच्या कडेला कांदाभजीच्या रूपात परत मिळवायचो. पण सायकलवाल्यांच्या जगात काय खाल्लं ते मोजत नाहीत, किती किलोमीटर झाले ते मोजतात. आणि तो आकडा पूर्ण असावा लागतो. साडू एकदा ९९.२ वर घरी पोहोचले होते. त्यांनी रात्री साडेनऊला सोसायटीच्या पार्किंगमध्ये गोल गोल फेऱ्या मारायला सुरुवात केली. त्यांच्या वॉचमननं बॅटरी आणून विचारलं, "साहेब, काही पडलंय का? मी बघू?"

आदल्या रात्री झोप येईना म्हणून धीर यावा अशा गोष्टी वाचत पडलो. ती चूक झाली. १९२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाले. हकीम, बापासोला आणि भुमगरा हे तिघं ती पूर्ण करून १९२८ च्या मार्चमध्ये परत आले, ७१,००० किलोमीटर करून. बाकीच्या तिघांनी वाटेत सोडून दिलं. खरं सांगायचं तर मला पहिल्यापासून त्या तिघांबद्दलच जास्त आपुलकी वाटत आली आहे. मग पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीबद्दल वाचलं. २०१८ साली विशीतल्या या मुलीनं १५९ दिवसांत २९,००० किलोमीटर केले. कॅनडात तिच्या मागे अस्वल लागलं होतं. नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जवळजवळ ४,८०० किलोमीटर दोघांत मिळून नऊ दिवसांच्या आत संपवले. सख्खे भाऊ होते म्हणून नऊ लागले. साडू असते तर सातांत झालं असतं.

आई शेजारच्या खोलीतून राजगिऱ्याचे लाडू घेऊन आली. "किती किलोमीटर म्हणालास?"

"दोनशे."

"एकदम?" ती म्हणाली. "आम्ही थोडे थोडे करायचो."

तेव्हा या वाक्याकडे माझं लक्ष गेलं नाही.

सुरुवातीच्या जागी पोहोचायच्या आधीच मी एकदा पडलो. या सायकलींना पाय पॅडलला खटक्यानं अडकवायची सोय असते. अडकवणं सोपं असतं, सोडवणं आठवावं लागतं. स्वारगेटच्या सिग्नलला लाल दिवा लागला, मी नियम पाळणारा माणूस, थांबलो आणि थांबलेल्या अवस्थेतच सावकाश डाव्या बाजूला आडवा झालो. शेजारच्या रिक्षावाल्यानं वाकून विचारलं, "चक्कर आली का?" मी रस्त्यावर पडल्या पडल्या म्हणालो, "नाही, सवय आहे."

सहाला अंधारात झेंडा पडला. चाळीस-पन्नास लाल दिवे लुकलुकत पुढे गेले आणि वीस मिनिटांत त्यातला एकही दिसेनासा झाला. कात्रजच्या चढाला माझ्या मागे फक्त एक कुत्रा होता. अस्वलाच्या मानानं किरकोळ, पण अस्वलाशी माझी प्रत्यक्ष ओळख नसल्यामुळे मी त्याला पूर्ण मान दिला. जुन्या बोगद्यापर्यंतचा माझा वेग हा त्या दिवशीचा सर्वोत्तम वेग होता आणि त्याचं श्रेय संपूर्णपणे त्या कुत्र्याचं आहे.

पुढे उतार, गार वारा, पूर्वेला तांबडं फुटतंय, वगैरे. इथे चांगला लेखक थांबून निसर्गाबद्दल लिहितो. माझा चष्मा धुक्यानं भरला होता. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर सायकलला टोल नसतो, तरीही मी उगाच खिशात हात घालून त्या माणसाकडे बघितलं. त्यानंही माझ्याकडे बघितलं. "कुठं?" पाचगणी. "कशाला?" इथे मी पर्यावरण हे उत्तर दिलं. मागच्या कंटेनरनं हॉर्न दिला.

शिरवळला पन्नास किलोमीटर झाले आणि मिसळ खाल्ली. हॉटेलवाला बिल देताना म्हणाला, "केवढ्याला पडली?" मला वाटलं मिसळ. तो सायकलबद्दल विचारत होता. मी सवयीनं अठरा हजार सांगितलं. त्यानं चाक बोटानं टिचकी मारून बघितलं आणि म्हणाला, "घरी हेच सांगितलंय का?" मी जास्तीचा पाव न घेताच निघालो.

मग खंबाटकी. मी गेलो तेव्हा तिथली व्यवस्था अशी होती की पुण्याहून साताऱ्याला जाणाऱ्यानं घाट चढायचा आणि साताऱ्याहून पुण्याला येणाऱ्याला बोगदा. ही वाटणी कुणी केली माहीत नाही, पण तो माणूस साताऱ्याचा असणार.

दुसऱ्या वळणावर माझ्या उजव्या अंगाला फरशीनं भरलेला एक ट्रक आला. आला म्हणजे येतच राहिला. त्याचा वेग ताशी सात, माझाही सात. दोघांपैकी कुणालाच पुढे जाता येईना. डावीकडच्या खिडकीत क्लीनर कोपर टेकवून फुटाणे खात बसला होता. एवढ्या जवळून एवढा वेळ एकमेकांकडे बघत राहिल्यावर न बोलणं वाईट दिसलं असतं.

"किती गेअरची?" त्यानं विचारलं.

"बावीस."

"आमची सहाची. तरी बराबरच चाललोय." एक फुटाणा. "कुठवर?"

"पाचगणी."

"आन मग?"

"परत पुणे."

तो आत वळला, ड्रायव्हरशी बोलला आणि पुन्हा बाहेर आला. "वस्ताद इचारतोय, काय पोचवायचंय का तिकडं?"

"नाही."

"मग आणायचं आसंल. स्ट्रॉबेरी?"

"नाही."

"मग पैसं किती देत्यात?"

"देत नाहीत. आपण भरायचे."

हे ऐकून ट्रक क्षणभर बंद पडल्यासारखा झाला. मग पुन्हा घरघरला. क्लीनरच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी दिसत होती. तो म्हणाला, "मागं दोर हाय. धरा. वरपर्यंत वढून नेतो."

दोर मला मघापासूनच दिसत होता. निळा, नायलॉनचा, टोकाला छान गाठ. सांगतो, आयुष्यात मोह अनेक येतात, पण ताशी सात किलोमीटरनं शेजारून चालणारा मोह फारच अवघड. "नियमात बसत नाही," मी म्हणालो. "फ्रान्सचे नियम आहेत."

"मग? फ्रान्सवालं काय खंबाटकीत हायत?"

याला नियमपुस्तिकेत उत्तर नव्हतं. मी मान खाली घालून पॅडल मारत राहिलो. तो बराच वेळ गप्प होता. मग हळू आवाजात, जसं आजारी माणसाला विचारतात तसं, म्हणाला, "आता खरं सांगा सायेब. कशाला?"

तब्येत, पर्यावरण, पेट्रोलची बचत, मनःशांती, सगळी उत्तरं माझ्याकडे तयार होती. पण त्या चढाला खोटं बोलता येत नाही. खोटं बोलायला दम लागतो.

"साडू," मी म्हणालो.

"आं?"

"माझ्या साडूंनी केलंय."

क्लीनरनं मान आत घातली. "वस्ताद! साडूनं केलंय!"

आतून, आतापर्यंत न दिसलेल्या त्या माणसाचा एक लांब, समाधानाचा "हांऽऽ" ऐकू आला. मग स्टिअरिंगवरून वाकून एक मिशाळ चेहरा दिसला. "आसं बोला की! आमच्या साडूनं दोन म्हशी घेतल्या, म्हनून म्या ह्यो ट्रक घेतला. आजून हप्तं फेडतोय."

त्यानंतर वरपर्यंत कुणी काही विचारलं नाही. तीन समजूतदार माणसं एका गतीनं खंबाटकी चढत होती. माथ्यावर ट्रकनं वेग घेतला तेव्हा क्लीनरनं मूठभर फुटाणे माझ्या ओंजळीत टाकले आणि ओरडला, "साडूला सोडू नका!"

उतारावर मी जवळजवळ गात होतो. सुरूर फाट्याच्या अलीकडे मागचं चाक फुसफुसलं.

हायवेवर फुटलेल्या ट्रकच्या टायरमधल्या तारांचे केसासारखे बारीक तुकडे पडलेले असतात. आपल्या टायरसाठीच पडलेले असतात. पंक्चर काढायचं सगळं सामान माझ्याकडे होतं आणि पंक्चर कसं काढायचं याचे चौदा व्हिडिओ मी बघितले होते. त्या सगळ्या व्हिडिओंत माणसाचे हात थरथरत नव्हते. दहा मिनिटं झटापट करून टायर रिंगवरून निघाला आणि मग परत चढेना. शेवटी सायकल ढकलत फाट्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेलो. त्यानं ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवली, बुडबुडा धरला, कानस मारली, सोल्युशन लावलं, फुंकर घातली, पॅच ठोकला. सगळं चार मिनिटांत. मग हवा भरायला पाइप हातात घेतला आणि थबकला.

"ह्यो वाल कसला?"

"फ्रेंच."

"आमची हवा देशी हाय. नाय जायची."

यासाठी एक पितळी टोपी मिळते, ती लावली की कुठल्याही पंपाची हवा आत जाते. मी ती घेतली होती. ती घरी ड्रॉवरमध्ये, हरवू नये म्हणून वेगळ्या डबीत ठेवली होती. मग माझ्याजवळच्या वीतभर पंपानं हवा भरायला घेतली. तीनशे हात मी मारले. पुढचे शंभर त्याच्या मुलानं मारले, शाळेच्या रविवारच्या सुट्टीत. मुलगा पंप मारता मारता म्हणाला, "काका, गाडी नव्हती का कुणाची?" या वाक्यातही 'कशाला' दडलेलं आहे, म्हणून मी ते मोजणीत धरलं आहे.

वाई हे विद्वानांचं गाव. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचं काम इथे बसून उभं केलं. सिनेमावाल्यांचंही हे गाव लाडकं, इथल्या घाटांवर आणि मेणवलीच्या वाड्यापाशी कायम कुणी ना कुणी कॅमेरा लावलेला असतो. त्यामुळे कृष्णेच्या पुलाजवळ मी पाणी प्यायला थांबलो तर चार पोरं पळत आली.

"शूटिंग कुठं हाय?"

"शूटिंग नाही."

"मग आसली कापडं?"

विश्वकोशाच्या गावात मी निरुत्तर झालो.

पसरणीच्या घाटाबद्दल फार लिहीत नाही. बाराएक किलोमीटर आहे, नुसता वळणं घेत वर जातो, आणि खाली वाईकडे बघू नये असा माझा सल्ला आहे, कारण अर्धा तास चढल्यावरही ती तिथेच दिसते. चढताना प्रत्येक माणसाला मी विचारत होतो, "अजून किती?" आणि प्रत्येकजण सांगत होता, "आलंच की." लोक वाईट नसतात. त्यांना वाटतं, मरणाऱ्या माणसाला खरं कशाला सांगायचं.

मधल्या एका वळणावर कठड्याला टेकून उभा होतो. एक मोठी गाडी थांबली, त्यातून सहा जणांचं कुटुंब उतरलं आणि माझ्याकडे हसत हसत येऊ लागलं. मी हेल्मेट सरळ केलं, पोट आत ओढलं. दोनशे किलोमीटर, होय, एकाच दिवसात, असं म्हणायचं ठरवलं.

"काका, आमचा एक फोटो काढता?"

काढला. मग आणखी एक आडवा काढला. मग आजीबाईंचे डोळे मिटले म्हणून तिसरा. एवढ्यात माझ्या सायकलवर माकड बसलं होतं. पिशवीची चेन उघडायची त्याची पद्धत माझ्यापेक्षा सफाईदार होती. आईचे राजगिऱ्याचे लाडू त्यानं नेले. फ्रान्सहून मागवलेल्या शक्तिवर्धक वड्या हुंगल्या आणि परत ठेवल्या.

पाचगणीचा शिक्का बारा चाळीसला बंद होणार होता. मी बारा चौतीसला पोहोचलो. तिथला तरुण टेबल आवरत होता. "सर, तुम्ही आहात होय? आम्ही यादी बघून म्हणालो, हे आले नसावेत." त्यानं शिक्का मारला. कार्ड घामानं इतकं भिजलं होतं की शिक्का आरपार उमटला. पाचगणीत हॅरिसन्स फॉली नावाची एक जागा आहे. त्या इंग्रज साहेबाबद्दल मला आदर वाटला. स्वतःचा मूर्खपणा म्हणजे मूर्खपणाच, असं नाव देऊन मोकळा झाला असावा. आपण त्याला फिटनेस म्हणतो.

परतीच्या प्रवासाचं मला तुटक तुटक आठवतं. घाटाचा उतार पंधरा-वीस मिनिटांत संपला. चढायला सव्वा तास, उतरायला पंधरा मिनिटं, हा व्यवहार कुणी ग्राहक आयोगात न्यायला हवा. सुरूरजवळ एका वडाखाली मी पाच मिनिटं डोळे मिटले. उठलो तेव्हा चाळीस मिनिटं गेली होती आणि शेजारी एक म्हातारबाबा पंच्यानं माझ्यावरच्या माश्या वारत बसले होते. मी जिवंत आहे असं बघून ते उठून गेले. तेवढ्या एका माणसानं मला काही विचारलं नाही. बोगद्यात मागून येणाऱ्या वाहनांचा आवाज असा घुमतो की प्रत्येक रिक्षा रेल्वे वाटते. मी तो बोगदा डोळे उघडे ठेवून आणि श्वास बंद ठेवून पार केला.

शिरवळनंतर ऊन कललं, समोरून वारा सुटला, पाय आपोआप फिरायला लागले आणि डोकं भलत्याच दिशेला गेलं. आईचं ते वाक्य आठवलं. आम्ही थोडे थोडे करायचो.

आई सदाशिव पेठेतून खडकीला कारखान्यात नोकरीला जात होती. सायकलवर. साडी, चप्पल, कॅरिअरला डबा, येताना दळण. जाऊन येऊन सोळा किलोमीटर. वर्षाचे सुट्ट्या वगळून २८० दिवस. बावीस वर्षं. दिव्याच्या उजेडात पांढऱ्या पट्ट्यावर नजर ठेवून मी गुणाकार करत होतो आणि तो दरवेळी चुकत होता. कापूरहोळपाशी जमला. ९८,५६० किलोमीटर. पृथ्वीला दोन प्रदक्षिणा होऊन तिसरीची जवळजवळ अर्धी. त्या तीन पारशी वीरांपेक्षा साडेसत्तावीस हजार जास्त, आणि रोज संध्याकाळी सातला परत येऊन पोळ्या. एक गेअर. पॅड लावलेली चड्डी नाही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आणि बावीस वर्षांत एकानंही तिला विचारलं नाही, कशाला.

शेवटचा कात्रज मी सायकलवर चढलो की सायकलबरोबर, हे तिथे अंधार असल्यामुळे माझ्याकडेच राहू द्या. शेवटच्या शिक्क्याला पोहोचलो तेव्हा संयोजकांनी घड्याळ बघून लिहिलं: १३ तास २२ मिनिटं. निकाल आता पॅरिसला जाऊन तपासला जाणार होता आणि मग कार्डावर नंबर पडणार होता. पदक हवं असेल तर त्याचे पैसे वेगळे. मी भरले.

सोसायटीच्या गेटवर तोच वॉचमन. "आलात?" त्याला आनंद झाला असावा, कारण त्यानं मला खुर्ची दिली. "लिफ्ट बंद आहे," तो म्हणाला. तिसरा मजला. सायकल खांद्यावर. दोनशे किलोमीटरमधला चौथा घाट आमच्याच जिन्यात आहे हे नियमपुस्तिकेत छापायला हवं.

आईला मी तिचा हिशेब सांगितला. अठ्ठ्याण्णव हजार पाचशे साठ. ती वरणाला फोडणी देत होती.

"असेल," ती म्हणाली. "बस वेळेवर यायची नाही ना तेव्हा. लाडू संपले का?"

"संपले."

"बरं झालं. पाय धुऊन घे."

रात्री 'आपली माणसं'वर फोटो टाकला. हेल्मेट, कार्ड, वेळ. सासूबाईंच्या पाच टाळ्या आल्या. साडूंना सात होत्या, पण त्या तेव्हा जाग्या असतील नीट. दोन मिनिटांत साडूंचा निरोप आला: "अभिनंदन! पुढच्या महिन्यात ३०० आहे. मी नाव घातलं. तुमचं घालू?" बायकोनं तो मोठ्यानं वाचला आणि काही न बोलता माझ्याकडे बघितलं. मी "घाला" असं लिहिलं. खुर्चीतून उठता येत नव्हतं, पण अंगठा चालत होता.

तुमच्यापैकी कुणी खंबाटकीतून जाणार असेल आणि फरशीनं भरलेला एक ट्रक ताशी सातच्या वेगानं चढताना दिसला, तर कृपा करून डावीकडच्या खिडकीत फुटाणे खाणाऱ्या माणसाला माझा एवढा निरोप द्या: चार मिनिटांनी.